चहाला पूर्वापार नाही

मला घरी चहा लागतो तो कोरा. गुळाचा. बशीत ओतून, फुर्र आवाज करत प्यायलेला. आवाजाची ज्यांना शिसारी येते त्यांनी सरळ पान उलटावं. पुढं कविता आहेत. आवाज तिथंही आहे, पण छापील असल्यामुळे कानाला लागत नाही.

तुम्ही म्हणाल, चळवळीच्या अंकात चहावर काय लिहितो? वस्त्या पेटताहेत, पोरं बेकार फिरताहेत, आणि हा गडी गुळाच्या चहावर दोन पानं खातोय. खातोय. कारण मोर्च्यात आपण सगळे एक असतो. घोषणा देताना कुणाचा कप कुठला ते दिसत नाही. ते दिसतं घरात, चुलीपुढं, मोरीपाशी. आणि घरात अजून आपला मोर्चा गेलेला नाही.

आधी माझी ओळख. मॅट्रिक झालो (आता त्याला दहावी म्हणतात, पण आमच्या घरात अजून मॅट्रिकच) आणि मुंबईला आलो. गोदीत लागलो. १९४८ च्या कायद्यानं आधीच्या पिढीच्या गोदी कामगाराला स्वतःचं मंडळ मिळालं होतं. हजेरी होती, हक्काचा पगार होता. ते मंडळ १९९४ साली पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. मी त्याच्या नंतर जन्मलेला. माझी नोंद ठेकेदाराच्या वहीत आहे, तीही पेन्सिलीनं. गोदीत मी दिवसाकाठी सात-आठ कटिंग पितो. त्या चहाला चव नसते, वेळ असते. टोळी बसली की चहा, मुकादम ओरडला की संपला. जहाज लागलं की रात्रपाळीलाही चहाच, जेवण नंतर. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तिथं गलास एकाच बादलीत बुडवून निघतात आणि बादलीतलं पाणी सगळ्यांना सारखंच घाण असतं.

म्हणायचंय ते घरच्या चहाबद्दल. घर भिगवणला. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण, मासळीबाजाराचं भिगवण, उजनीच्या फुगवट्याकाठचं भिगवण. हिवाळ्यात पुण्या-मुंबईचे लोक मोठाल्या गाड्या घेऊन कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला येतात, रोहित पक्ष्यांचे फोटो काढतात आणि जाताना 'चुलीवरचा गुळाचा चहा' अशी पाटी दिसली की हमखास थांबतात. साध्या चहापेक्षा जास्त पैसे देऊन पितात. आरोग्याला चांगला म्हणतात. मला हसू येतं. तोच चहा आम्ही लाजत लाजत प्यालो. गुळाचा चहा म्हणजे साखरेला पैसे नाहीत, आणि कोरा चहा म्हणजे दूध नाही. भोवताली नजर पोचेल तिथवर ऊस, कारखान्याची मळीची घाण आमच्या नाकात, आणि साखर मात्र पाहुण्यापुरती, पुडीत बांधून डब्याच्या तळाशी. दुधाचं तसंच. आबांनी कर्ज काढून एक जर्शी गाय घेतली होती. सकाळचं दूध डेअरीला, संध्याकाळचं दूध डेअरीला. लिटरभर घरात ठेवलं की हप्ता अडला. तर गाय दारात आणि चहा कोरा, हा आमचा दुधाचा धंदा.

पुढं सवय झाली आणि सवयीची आवड झाली. आता मी मुंबईत पैसे मोजून दुधाचा चहा पितो तेव्हा जिभेवर साय चिकटल्यासारखं वाटतं. गुळाचा चहा करायला अक्कल लागते. पाणी उकळायचं, गूळ विरघळवायचा, भुकटी टाकून झाकण ठेवायचं. त्यात दूध घालून उकळला की फाटतो. असलाच गवती चहा तर एक पात, नसला तर नाही. आयेचा हात त्यात बसलेला आहे. पहाटे चारला ती उठते, आबांच्या आधी, गायीच्या आधी, कोंबड्याच्याही आधी. घरातला पहिला चहा ती करते आणि शेवटची, गाळणीतली, ती पिते. हे मी फार उशिरा पाहिलं. त्यावर पुढं बोलतो.

आमचं मूळ गाव हे नव्हे. ते भीमेच्या काठी होतं. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, काठची गावं पाण्याखाली गेली, त्यात आमचंही गेलं. म्हातारी, म्हणजे माझी आजी, त्या गावची गोष्ट सांगायची. वेशीजवळ चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे कूड, वर पत्रा आणि एक भट्टी. आपल्या लोकांची कपबशी बाहेर, वळचणीला खोसलेली. कान मोडलेला कप. आपला आपण काढायचा, पुढं धरायचा, हॉटेलवाला अंतर राखून वरनं ओतणार. प्यायचं बाहेर, उकिडवं बसून. मग आपणच विसळून परत वळचणीला खोसायचा. पैसे फळीवर ठेवायचे, तो त्यांच्यावर पाणी शिंपडणार आणि मगच गल्ल्यात टाकणार. चहाचा भाव मात्र सगळ्यांना तोच. विटाळाबद्दल सूट नव्हती.

हे सांगताना म्हातारी रडायची. बाईमाणूस हॉटेलात कशाला जाईल, ती जायची ते ऊसतोडीच्या, खुरपणीच्या गड्यांना किटलीतनं चहा न्यायला. किटली दूर ठेवायची आणि मागं सरायचं.

आता गंमत बघा. हे चालू होतं तेव्हा कायदा झालेला होता. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलंय की उपाहारगृहात, हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरायला अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणं हा गुन्हा आहे. भांडी, हा शब्द कायद्यात आहे. १९७६ साली त्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. दिल्लीत बसून कुणीतरी आमच्या वळचणीच्या कपाचा विचार केला होता. फक्त आमच्या वेशीवरच्या हॉटेलवाल्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

गाव बुडालं तशी ती कपबशीही बुडाली असं मला वाटायचं. स्टँडवर आता कागदी कप आहेत. पाटील पितो, मी पितो, चुरगाळून फेकतो. काही मित्र याला समता म्हणतात. मी म्हणत नाही. कागदी कपात कुणाचं उष्टं कुणाला विसळावं लागत नाही, एवढंच. प्रश्न सुटला नाही, उकिरड्यावर गेला.

खरा प्रश्न कुठं जाऊन बसलाय ते मागच्या दिवाळीत कळलं.

मी पहिला पगार धाडला तेव्हा आयेनं आठवडी बाजारातून सहा कपबश्या घेतल्या होत्या. निळ्या फुलांच्या. त्या फळीवर पालथ्या मांडलेल्या असतात. घरचं कुणी त्यात पीत नाही. त्या मोठ्या लोकांसाठी. तर मागच्या दिवाळीत, ज्यांच्या रानात आबांनी वीस वर्षं दारं धरली ते मालक आले. लागणीला माणसं पाहिजे होती. आबांनी खुर्ची पुसून दिली. बसले. पूर्वी बसत नव्हते, रस्त्यावरनंच हाक मारायचे. आयेनं लगोलग चहा टाकला. शेजारून दूध उसनं आणलं, पुडीतली साखर सोडली, आलं ठेचलं. निळ्या फुलांची कपबशी, खाली ताटली.

मालक हसून म्हणाले, "नको बाई, आत्ताच झाला."

"घोटभर तरी घ्या की मालक."

"घरनं पिऊनच निघालोय. पित्त हुतंय मला."

अर्धा तास बसले. चांगलं बोलले. माझी चौकशी केली, मुंबईत पोर नाव काढील म्हणाले. चहावर साय धरली. ते गेल्यावर आबांनी तो चहा आपल्या स्टीलच्या पेल्यात ओतून घेतला आणि उभ्यानं, गार, पिऊन टाकला. कप धुऊन परत फळीवर. तासाभरानं मी स्टँडकडे गेलो तर मालक टपरीवर उभे, हातात चहा. पित्त उतरलं असावं.

'आत्ताच झाला.' हे दोन शब्द नीट ऐका मित्रांनो. पूर्वी ते आपल्याला चहा देत होते, वेगळ्या कपात. आता ते आपला चहा घेत नाहीत. पहिल्याला कलम लावता येत होतं. याला कुठलं कलम लावता? माणसाला तहान नाही हा काही गुन्हा नव्हे. शिवाय ही सगळी बाब चार भिंतींतली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात सांगितलंच की घराच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना केलेला अपमान अ‍ॅट्रॉसिटीच्या त्या कलमात बसत नाही, तो लोकांच्या नजरेसमोर व्हायला हवा. मालकांनी तर अपमानही केला नव्हता. हसूनच बोलले होते.

२०११-१२ साली देशभरात चाळीस हजारांवर कुटुंबांना विचारलं गेलं की तुमच्या घरात अस्पृश्यता पाळता का, आणि पाळत नसाल तर दलितानं तुमच्या स्वयंपाकघरात आलेलं, तुमची भांडी वापरलेली चालतील का. सत्तावीस टक्के कुटुंबांनी तोंडानं कबूल केलं, पाळतो. महाराष्ट्राचा आकडा त्यात फार कमी निघाला. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणून आपण छाती फुगवायची का? मला वाटतं महाराष्ट्रातल्या माणसाला कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते पाठ झालंय. 'पाळता का?' 'छे, छे.' 'चहा घेता का?' 'आत्ताच झाला.'

असल्या माणसाला गाठून विचारलंच तर शेवटी एक वाक्य येतं: पूर्वापार चालत आलंय, म्हाताऱ्या माणसांना दुखवायला नको. इथं मला थांबायचंय. कारण पाण्याच्या बाबतीत पूर्वापार म्हणा, विहिरीच्या बाबतीत म्हणा. चहाच्या बाबतीत कसलं पूर्वापार?

चहा या देशाच्या घराघरात येऊन शंभर वर्षं झाली असतील नसतील. आसामचा पहिला चहा १८३९ साली लंडनला लिलावात गेला. तो साहेबाच्या पोटासाठी लावलेला होता. छोटा नागपूरकडच्या आदिवासींना करारावर उचलून मळ्यात नेलं, आणि १८५९ चा कायदा असा की करार मोडून काम सोडलं तर मजूर गुन्हेगार. त्या मळ्यांतला रोज आसामच्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यात २०२३ साली वाढून अडीचशे रुपये झाला. गोदीत माझा रोज त्यापेक्षा बरा आहे आणि तरी मी शिव्या घालतो. असो. हिंदुस्थानातला माणूस तेव्हा चहा पीतच नव्हता. पुढं १९०३ साली चहाच्या निर्यातीवर कर बसवून प्रचाराचा पैसा उभा केला आणि मग आपल्याला चहा शिकवायला सुरुवात झाली. स्टेशनावर शिकवला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिरण्यांत, खाणींत, कारखान्यांत चहाचे गाडे नेले. १९३० नंतर पत्ती चिरडून दाणे करणारं यंत्र निघालं, थोड्या भुकटीत जास्त कप निघू लागले, चहा गरिबाच्या आवाक्यात आला. तेव्हा कुठं तो आमच्या गावच्या वेशीपर्यंत पोचला.

म्हणजे मनूला चहा माहीत नव्हता. त्याच्या पोथीत कपबशी नाही. वळचणीचा कप हा ऋषिमुनींनी दिलेला नाही, आमच्या पणज्याच्या हयातीत कुणीतरी हाडामासाच्या माणसानं ठरवून तिथं खोसलेला आहे. नवी वस्तू गावात आली आणि दुसऱ्याच दिवशी तिला जुनी जात लावली. इतकी तत्परता यांनी नांगरात दाखवली नाही.

महाडला हेच झालं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. तळं खुलं करायचा ठराव महाड नगरपालिकेनं आधीच, १९२४ साली, केलेला होता. तरी त्या परिषदेला स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. मग स्पृश्य कोर्टात गेले. म्हणणं काय, तर अस्पृश्यांना इथं मज्जाव ही अनादी काळची रूढी आहे. दहा वर्षं खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की ही रूढी अनादी असल्याचं वादींनी सिद्ध केलेलं नाही. आपण तळं आठवतो, सत्याग्रह आठवतो, दरवर्षी महाडला जातो, हा निकाल मात्र विसरतो. त्यात आपल्या हाती दिलेलं हत्यार हे आहे: कोण पूर्वापार म्हणाला की त्याला तारीख विचारायची.

आता कडू घोट. इथवर वाचून तुमचं रक्त तापलं असेल तर जरा थांबा, कारण आता मी आमच्याच घरात शिरतोय.

आमच्या मोरीच्या कोनाड्यात एक जर्मनचा पेला असायचा. चेपलेला. त्याला घरचं कुणी हात लावायचं नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना खेळून आलो, तहान लागली होती, तोच पेला हाताला लागला, त्यातनं पाणी प्यायलो. म्हातारीनं फाडकन मुस्काटात दिली. तो पेला मातंग मावशीचा होता. ती दावी, दोर, केरसुण्या घेऊन यायची. ओसरीवर बसायची, आत नाही. म्हातारी तिला "ये गं बाय" म्हणायची, दोघी सुखदुःख बोलायच्या, तंबाखू एकाच पिशवीतली खायच्या. आणि चहा त्या पेल्यात. वरनं. विसळणार मावशीच.

देणारी कोण? वळचणीची गोष्ट सांगताना रडणारी माझी आजी. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध. १९५६ साली आम्ही सगळं सोडलं म्हणतो. देव सोडले, मेलेली ढोरं ओढायची सोडली. पेला सोडला नाही.

हे छापू नको असं दोघातिघांनी मला सांगितलं. म्हणे बाहेरच्यांच्या हातात कोलीत मिळतं. मिळू द्या. त्यांच्याकडे कोलतांचा तोटा कधी होता? अण्णाभाऊ साठ्यांनी १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. आपल्या प्रत्येक फलकावर बाबासाहेबांच्या शेजारी अण्णाभाऊ असतात. फलकावर शेजारी आणि घरात ओसरीवर, हे कसं चालतं? 'दलित' हा शब्द आपण ज्या दिमाखात वापरतो त्यात मातंग, चांभार, ढोर, मेहतर सगळे आहेत ना? मग त्यांच्यातल्या किती घरी तुम्ही चहा प्यालात? भाषणाला गेला होता तेव्हाचा नको. सहज गेला होता तेव्हाचा सांगा.

आणि आपल्या बैठकांत चहा कोण करतं तेही एकदा बोलून टाकू. आम्ही दहा कार्यकर्ते खोलीत क्रांतीवर घसा फोडत असतो, आतून कपांचा आवाज येतो. बहीण असते, बायको असते, एखादी शिकलेली कार्यकर्ती असते जिला बोलायचं होतं पण 'जरा चहाचं बघतेस का' म्हणून उठवलेली असते. ती ट्रे घेऊन येते तोवर ठराव मंजूर झालेला असतो. माझ्या आयेची गाळणीतली शेवटची बशी मी उगाच सांगितली नाही. मी गोदीतून घरी येतो तेव्हा मलाही चहा हातात लागतो. यावेळी मी स्वतः केला तर आय म्हणाली, "बाप्याच्या हातचा च्या कडूच हुतो." कडूच झाला होता. पण दुसऱ्या दिवशी बरा झाला.

माझं मागणं मोठं नाही. संघटनेनं त्यासाठी ठराव करायची गरज नाही, निवेदन कलेक्टरला द्यायचं नाही. 'आत्ताच झाला' म्हणणाऱ्या मालकाच्या मागं मला लागायचं नाही. त्यानं आमचा चहा प्यावा म्हणून आयेनं दूध उसनं आणू नये एवढंच. निवडणुकीला कॅमेरा घेऊन वस्तीत जेवायला येणारे पुढारी जेवतातच, त्यानं काय बदललं? आपली फळी आपण बघावी. फळीवरचे कप कुणासाठी पालथे आहेत आणि कोनाड्यातला पेला कुणासाठी, याचा हिशेब ज्यानं त्यानं आपल्या घरी करावा, आणि पुढच्या बैठकीत बाकीच्यांना सांगावा. लाज वाटेल. मला लिहिताना वाटतेय.

मी दिवाळीतच आयेला विचारलं, तो जर्मनचा पेला कुठाय?

"हाय की कोनाड्यात."

"मावशी येती का अजून?"

"ती मेली. सून येती आता दोर घिऊन."

"तिला कशात देती च्या?"

आय चुलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ती घेतच न्हाई. म्हणती, आत्ताच झाला."

माझ्या डोक्यात घण पडला. मालकांचेच शब्द. पण सुनेच्या तोंडी त्यांचा अर्थ वेगळा. तिला पेला माहीत होता. सासूनं सांगितलं असेल. तो हातात घ्यायला लागू नये म्हणून ती बिचारी पोटभर पिऊन निघायची, किंवा न पिताच तसं म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. रस्त्यापलीकडं, चालत पाच मिनिटं. एवढ्या वर्षांत कधी गेलो नव्हतो. चहा मागितला. ती गडबडली, दूध नाही म्हणाली. म्हटलं, मला कोराच लागतो. तिनं पाणी ठेवलं, गूळ फोडला आणि पाठमोरी होऊन विचारलं, "दादा, तुमच्या आयला चालंल का?"

चहा झकास होता. गूळ बेताचा, गवती चहा जरा जास्त. बशीत ओतून प्यालो, आवाज करून.

घरी येऊन सांगितलं तर आय दोन दिवस बोलली नाही. आबा काहीच म्हणाले नाहीत, गोठ्यात गेले. निघायच्या दिवशी मी कोनाड्यातला पेला काढून बादलीशेजारी, सगळ्यांच्या पेल्यांत ठेवला. मी मुंबईला आल्यावर तो तिथं राहिला की परत कोनाड्यात गेला, माहीत नाही. फोनवर विचारलं तर आय पावसाचं बोलते.

पाडव्याला जाणार आहे. ठेकेदार सुट्टी देत नाही, खाडा मांडून जाईन. सुनेला निरोप धाडलाय की चार दावी आणून दे, गायीला लागताहेत. आणि येताना चहा पिऊन येऊ नको.